देवाशी बोलणे आणि चारचौघांत लिहिणे

माळ घातलेल्या माणसाने स्वतःविषयी इंटरनेटवर लिहावे की नाही, हा प्रश्न आमच्या दिंडीतल्या विणेकरी अण्णांनी मला विचारला तेव्हा त्यात टोमणा नव्हता. आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला जाताना पुईखडीचे रिंगण आटोपले होते, लोक पुन्हा चालू लागले होते आणि मी शेजारणीला माझ्या एका लेखाविषयी सांगत होते. ते ऐकून अण्णा म्हणाले, "पोरी, देवाशी बोलायचं ते देवाशीच बोलावं. चार लोकांत कशाला बोलतीस?" एवढे म्हणून ते पुढच्या अभंगाला लागले. त्यांचे आयुष्य नामात गेले आहे, त्यामुळे त्यांचा प्रश्न जुन्या पिढीची नापसंती म्हणून बाजूला ठेवणे मला जमले नाही आणि ठेवावासाही वाटला नाही.

मी माझ्या नावानेच लिहिते. घरातली पूजा, आईचे म्हातारपण, नवरा गेल्यानंतर हरिपाठ म्हणताना मध्येच तुटणारा आवाज, देवावरचा राग, तो राग ओसरल्यानंतरची शरम, असे माझे विषय असतात. त्यांतला जवळजवळ प्रत्येक विषय हा माझा आणि देवाचा व्यवहार आहे, आणि तो मी अनोळखी माणसांसमोर मांडते. यावर दोन उत्तरे तयार मिळतात. एक असे की इंटरनेट हे केवळ साधन आहे, जसे वापराल तसे. दुसरे असे की स्वतःविषयी लिहिणे म्हणजेच अहंकार, आणि अहंकार असेल तिथे भक्ती नाही. पहिले उत्तर फार सोपे आहे, कारण साधन हे वापरणाऱ्यालाही हळूहळू घडवत असते. दुसरे उत्तर मानायचे तर आपल्या संतांच्या गाथांतला एक मोठा आणि अतिशय जिवंत भाग बाजूला काढून ठेवावा लागेल.

तुकोबांनी स्वतःचे चरित्र स्वतः सांगितले आहे. जातीने आपण कोण, व्यवसाय काय केला, आईवडील कसे गेले, दुष्काळाने पैसा आणि मान दोन्ही कसे नेले, एक बायको अन्न अन्न करत कशी मेली, हे सारे त्या एका अभंगात आहे. दिवाळे निघालेल्या माणसाला आपल्याच गावात तोंड दाखवायची लाज वाटते, तीही त्यांनी लपवलेली नाही. पण हे सांगण्याआधी ते थबकतात. 'नये बोलों परि पाळिलें वचन' असे ते म्हणतात, आणि लगेच कारण देतात की तुम्ही संतांनी प्रश्न केला आहे म्हणून सांगतो. म्हणजे स्वतःविषयी बोलू नये हा नियम त्यांना मान्य होता, आणि तरी ते बोलले, कारण विचारणारे अधिकारी होते. आज फोन उघडला की तुमच्या मनात काय आहे असा प्रश्न समोर येतो. पण तो प्रश्न सगळ्यांना, दररोज, त्याच शब्दांत विचारला जातो आणि विचारणाऱ्याला उत्तराशी काही देणेघेणे नसते. तुकोबांना विचारणारे संत आणि आपल्याला विचारणारा हा रिकामा चौकोन यांतले अंतर मला अण्णांच्या प्रश्नाच्या गाभ्याशी असलेले वाटते.

संत बहिणाबाईंचा विचार मात्र मला अधिक करावासा वाटतो, आणि त्याचे एक कारण त्या आमच्या गावात राहिल्या हेही आहे. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेली ही मुलगी, लहानपणीच वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झालेली, भाऊबंदकीमुळे घर सोडावे लागलेल्या आईवडिलांबरोबर आणि नवऱ्याबरोबर फिरत फिरत कोल्हापुरात आली. इथे त्यांच्या घरी एक गाय आली, तिला वासरू झाले, आणि ते वासरू या मुलीच्या मागे मागे फिरू लागले. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते तिच्याबरोबर जाई. स्वामींनी मुलीच्या आणि वासराच्या मस्तकावर हात ठेवला, गावात चर्चा झाली, आणि त्या चर्चेने संतापलेल्या नवऱ्याने तिला बेदम मारले. पुढे ते वासरू गेले, ती शुद्ध हरपून पडली आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते कोणा चरित्रकाराने शोधून काढले म्हणून नव्हे, तर तिने स्वतः अभंगांतून सांगितले म्हणून. मार खाल्ल्याचेही तिने सांगितले, नवऱ्याचा वेदाभिमान सांगितला, ब्राह्मणाच्या घरातल्या बाईने तुकोबांना गुरू मानल्यावर घरात काय उसळले तेही सांगितले. मराठीत एका स्त्रीने सांगितलेले इतके सलग आणि इतके उघडे आत्मकथन त्याआधी आढळत नाही. महाद्वार रस्त्यावरून जाताना मला कधी कधी जाणवते की याच गावातल्या कुठल्याशा घरात ती पोर बांधून मारली गेली होती, आणि ती बोलली नसती तर आपल्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

म्हणून 'चार लोकांत कशाला' या प्रश्नाला मी बहिणाबाईंना पुढे करून उत्तर देऊ शकते, आणि ते खोटे ठरणार नाही. पण तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बहिणाबाई 1700 साली गेल्या. आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत त्यांनी अखेरच्या काळात आपल्या मुलाला सांगितली. कोल्हापुरातली मारहाण आणि तिची कहाणी यांच्यामध्ये बराच काळ आहे. त्या काळात त्या देहूला गेल्या, नवरा स्वतः तुकोबांकडे वळला, संसार झाला, मुले झाली. वेदना सांगण्याआधी ती पुरती जगून झाली होती. छापखान्यापर्यंत तर ते शब्द फारच उशिरा पोहोचले. वाहवा ऐकायला त्या नव्हत्याच.

आता माझ्यासारखीची गोष्ट पाहा. कार्तिकातल्या किरणोत्सवाला, 9, 10 आणि 11 नोव्हेंबरच्या संध्याकाळी, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. हवा स्वच्छ असेल तर एके दिवशी चरणांपर्यंत, पुढे छातीपर्यंत, मग मुखापर्यंत. काही मिनिटांचा हा खेळ असतो. देवळाच्या आवारात त्या वेळी हात जोडलेल्यांबरोबर मोबाईल वर धरलेली माणसे असतात, त्यांना मी नावे ठेवणार नाही, कारण घरी अंथरुणाला खिळलेल्या आईला दाखवायला कोणी चित्रीकरण करत असेल तर ती सेवाच आहे. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या मोबाईलची. लिहिणाऱ्या माणसाचे हात जोडलेले असतात, डोळे मिटलेले असतात आणि आत वाक्य तयार होत असते. किरण चरणांवर आहे आणि मन म्हणते आहे की 'सोनेरी' हा शब्द फार वापरून झाला, दुसरा पाहू. हे ज्याने नियमित लिहिले आहे त्याला कळेल. दर्शनाची जागा दर्शनाच्या वर्णनाने घेतली की देव समोर असून आपण वाचकाकडे तोंड करून उभे असतो. धार्मिक जीवन आणि आत्मपर लेखन यांच्यातला खरा तंटा मला इथे दिसतो. काय लिहिले, किती लोकांनी वाचले, हे प्रश्न त्यानंतरचे.

ज्ञानेश्वरांनी, शके 1212 मध्ये, ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अदंभित्वाचे, म्हणजे दिखावा न करण्याच्या गुणाचे, जे विवरण केले आहे त्यात शेतकऱ्याचा दृष्टांत येतो. शेतकरी पेरलेले बी मातीने झाकतो, तसा हा पुरुष आपले दानपुण्य झाकतो. मला त्यात नम्रतेइतकाच व्यवहारही दिसतो. बी उघडे राहिले तर पाखरे खातात, आणि ते रुजत नाही. साधना लोकांपुढे मांडली तर ती पाप होते असे ज्ञानदेव म्हणत नाहीत. तिला फळ येत नाही, एवढे मात्र त्यातून मला कळते. गीतेच्या सतराव्या अध्यायातही सत्कार, मान आणि पूजा यांच्यासाठी दंभाने केलेल्या तपाला राजस म्हटले आहे आणि ते चंचल, न टिकणारे असल्याचे सांगितले आहे. नवरात्रातल्या उपवासाचा रोज सकाळी फोटो टाकणाऱ्या माझ्या ओळखीच्या मुलींना मी हे सांगत नाही, त्या श्रद्धेनेच करतात हे मला ठाऊक आहे. पण स्वतःपुरते मी हे वाक्य कायदा म्हणून धरले आहे.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आईच्या वह्या आहेत. ती लिखित जप करते. शंभर पानी, साधी, चौकोनांच्या कागदाची वही. प्रत्येक ओळीत लाल शाईने 'श्रीराम जय राम जय जय राम', तेरा अक्षरे, पुन्हा तेरा अक्षरे. सुरुवातीच्या वह्यांत अक्षर गोलाकार आणि ठसठशीत आहे. अलीकडच्या वह्यांत हात थरथरतो म्हणून 'श्री' ची वेलांटी वरच्या ओळीत शिरते, कुठे शाई फुटली आहे, कुठे पेंग आल्यामुळे ओळ उतरत उतरत समासाबाहेर गेली आहे आणि तिथून पुन्हा नीट सुरू झाली आहे. वहीवर तिचे नाव नाही. वही भरली की ती देवस्थानात पोहोचवायची, मग तिचे पुढे काय झाले ते आई विचारत नाही. मी माझ्या आयुष्यात इतके लिहिलेले नाही जितके तिने लिहिले आहे, आणि ते कोणी वाचलेले नाही, वाचण्यासाठी ते नाहीच. लिहिणे हेच तिचे तप आहे. ही वही समोर ठेवून पाहिले की माझ्या लेखनाला मी साधना म्हणणे सोडून द्यावे, हे मला उमगले. लेखन माझी आवड आहे, काही वेळा सेवा आहे, कधी मन हलके करण्याचा मार्ग आहे. पण आई जे करते ते मी करत नाही, आणि माझ्या लेखांमुळे माझा जप भरून निघत नाही.

सेवा हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण तसा प्रसंग आम्ही पाहिला आहे. ऑगस्ट 2019 च्या पुरात चिखली आणि आंबेवाडी पाण्यात गेली, शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे उठवावी लागली, तेव्हा कुठे बोट हवी, कुठे जनावरांना वैरण नाही, कुठल्या शाळेत थांबलेल्या बायकांना कोरडे कपडे हवेत, हे लोकांना कळले ते बरेचसे फोनवरून फिरणाऱ्या लोकांच्या लिखाणातून. ते लिहिणारे 'मी' म्हणूनच लिहीत होते: मी इथे उभा आहे, मी हे पाहतो आहे. गीतेतले वाङ्मयतप म्हणजे कोणाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे. त्या रात्रींत ते मी पाहिले. आणि पाणी ओसरल्यानंतर त्याच फोनवर वेगळे फोटो येऊ लागले. ब्लँकेट देणारा हात, घेणारा हात, मागे फलक, आणि घेणाऱ्या म्हाताऱ्याची खाली गेलेली मान. मदत खरी होती, ब्लँकेट ऊब देत होते. पण त्या म्हाताऱ्याची खाली गेलेली मान ज्याला दिसली नाही त्याच्या लेखनाला मी हितकर म्हणू शकत नाही. आपल्या भक्तीविषयी लिहिताना आपण ज्या इतर माणसांना वापरतो, सासू, नवरा, दिंडीत मन मोकळे केलेली बाई, त्यांच्या माना कुठे आहेत हे पाहणे त्यामुळे मला धर्माचाच भाग वाटते.

ऐकणारा कोण, या मुद्द्याकडे मी पुन्हा येते. आमच्या शेजारच्या जैन काकू आलोचनेविषयी सांगतात: आपले दोष गुरूंपुढे बोलायचे, आणि गुरू प्रायश्चित्त देतात. तिथे ऐकणाऱ्यावर जबाबदारी असते. तो थांबवू शकतो, सुधारू शकतो, पुरे म्हणू शकतो. वाचक हे करत नाहीत. ते हळहळतात, कौतुक करतात, आणि जितके उघडे लिहावे तितके अधिक कौतुक करतात, त्यामुळे पुढच्या खेपेस आणखी थोडे उघडे करावेसे वाटते. या घसरणीला थांबवणारे माणूस लिहिणाऱ्यापाशी असलेच पाहिजे. मी नवऱ्याच्या जाण्यावर लिहिलेला मजकूर प्रसिद्ध करण्याआधी अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला. पांडुरंग स्वप्नात आला होता त्याविषयीचा एक परिच्छेद होता; त्यावर ते म्हणाले, "हे तुझं तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे." देवावरच्या रागाविषयी मात्र त्यांनी काहीच काढायला सांगितले नाही, उलट तो भाग पुण्यातल्या त्यांच्या नातीला पाठव म्हणाले. मला वाटले होते उलटे होईल. राग झाकायचा आणि दर्शन सांगायचे, असे. विचार करता करता त्यांचा निवाडा मला पटत गेला. राग, शंका, कोरडेपण, कोणाचे ऋण, हे सांगितल्याने कोणाच्या तरी ओझ्याला हात लागतो. अनुभव सांगितल्याने सांगणाऱ्याची उंची वाढते, आणि ऐकणारा स्वतःच्या कोरड्या देवघराकडे पाहून खिन्न होतो.

मग लिहिणे थांबवावे का? इथे मला गडहिंग्लजकडच्या एका बाईंचे पत्र आठवते. सासरी भजनाला जाण्याची परवानगी नाही, घरात देवाचे करतात ते कुळाचार म्हणून, आणि त्यांना जे वाटते ते बोलायला कोणी नाही. सगळे झोपले की स्वयंपाकघरात बसून त्या फोनवर वाचतात. जिला कीर्तनाला गेल्याबद्दल मार बसला तिच्या गावातली मी, या बाईंना सत्संग हवा तर घराबाहेर पडा असे सांगू शकत नाही. बाहेर पडणे ज्यांच्या हाती आहे त्यांनी लेखनाला सत्संग समजू नये, टाळ हातात घेऊन चार माणसांत उभे राहावे. तिथे आवाज बेसूर लागला तरी शेजारचा सांभाळून घेतो, आणि आपण कोण आहोत हे कोणी विचारत नाही. पण ज्या उंबऱ्याच्या आत अडकल्या आहेत, ज्या रुग्णाच्या उशाशी आहेत, ज्यांच्या श्रद्धेला घरात हसतात, त्यांच्यासाठी कुणीतरी आपली शंका नावासह लिहून ठेवली असणे ही मला लहान गोष्ट वाटत नाही. आपल्यासारखीच चिडलेली, खचलेली आणि तरीही माळ न उतरवलेली दुसरी बाई आहे, एवढे कळले तरी रात्र निघते.

'नावासह' यावर काही वाचकांचा आक्षेप आहे. अहंकाराची इतकी धास्ती आहे तर टोपणनावाने लिही, असे ते सुचवतात. मी तो विचार गांभीर्याने केला आणि सोडून दिला. टोपणनावाने अहंकार जात नाही, जबाबदारी मात्र जाते. संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले ते बोललेले शब्द आपल्यावर घेण्यासाठीही असावे, असे मला वाटते. मी काय लिहिते ते कपिलतीर्थ मार्केटातल्या भाजीवालीच्या सुनेला माहीत आहे, माझ्या नणंदेला माहीत आहे, देवळात शेजारी बसणाऱ्या बायकांना माहीत आहे, आणि यांतली कोणीही मला अडवून 'हे असं झालंच नव्हतं' असे म्हणू शकते. नणंद एकदा तसे म्हणाली आहे, आणि त्यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. म्हणून नाव राहील. किती जणांना आवडले याचे आकडे मला दिसणार नाहीत अशी व्यवस्था मी भाच्याकडून करून घेतली आहे, लिहिलेले काही महिने वहीत पडू देते, आणि अण्णांची नजर आता अधू झाली असली तरी कान शाबूत आहेत तोवर आधी त्यांना वाचून दाखवते.